सहा नळ्या आणि एक कागद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले अधिष्ठाता, आपल्या मेट्रनबाई, आस्थापना विभागाचे मुख्य लिपिक, जे खरं तर व्यासपीठावर शोभले असते पण आज मांडीवर एक फाइल घेऊन दारापाशी बसलेत, सत्कारमूर्ती ताई, ताईंचे यजमान, कन्या, जावई, आणि शेजारच्या खोलीत चहा उकळतोय हे माहीत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधूंनो आणि भगिनींनो,

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पंधरा घेणार आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये चिठ्ठ्या पाठवायचे कष्ट वाचतील.

भिंतीवरच्या घड्याळात आत्ता साडेचार झालेत. पाच वाजता ताईंची नोकरी संपते आणि मुख्य लिपिकांच्या मांडीवरची ती फाइल कायमची बंद होते. माझ्या कोटाच्या खिशात एक पत्र आहे. पाचच्या आत ते त्या फाइलमध्ये गेलं पाहिजे, नाहीतर कधीच जाणार नाही. गेल्या आठवड्यात मी ताईंना विचारलं होतं, निरोपाला काय भेट देऊ? त्या म्हणाल्या, "सर, मला हार-तुरे काही नकोत. तो एक कागद तेवढा काढा." तर आज मी मुख्यतः त्या कागदासाठी उभा आहे. कौतुक माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी पोटभर केलंय.

ताईंना ओळखत नाही असा माणूस या इमारतीत नसेल, पण पाहुण्यांसाठी सांगतो. चौतीस वर्षं त्या आमच्या जिवाणू तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. त्यांना आम्ही पाठीमागे 'थांबाताई' म्हणतो. पाठीमागे म्हणतो असं आम्हाला वाटतं, त्यांना ते पहिल्या वर्षापासून माहीत आहे. उबदार कपाटातून नळी बाहेर काढायला गेलात की ताई म्हणणार, "थांबा." अहवालावर सही करायला पेन उघडलंत की, "थांबा, मी एकदा वाचते." त्यांची कन्या मघाशी मला म्हणाली की घरी चहासुद्धा या बाई गाळू देत नाहीत, आधी "थांबा, मुरू दे." जावई तेव्हा नुसते हसले. शहाणे आहेत.

आता कागदाकडे यायचं तर मला आधी थोडं केसांविषयी बोलावं लागेल. अध्यक्ष महोदय, आपण डोक्यावरून हात फिरवू नका. मी जिवाणूंच्या केसांविषयी बोलतोय.

काही बायकांना लघवीच्या मार्गाचा संसर्ग वरचेवर होतो. औषध घेतलं की बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. आता विचार करा. मूत्राशय म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा धुवून निघणारी जागा. तिथे जिवाणू टिकतोच कसा? तो वाहून का जात नाही? याचं उत्तर असं की त्याच्या अंगावर शेकडो केस असतात. शास्त्रात त्यांना फिम्ब्रिया म्हणतात, आपण केसच म्हणू. आपल्या डोक्यावरच्या केसाचे उभे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग जेवढा बारीक, तेवढे ते बारीक असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला एक पकड असते. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेचे लहान लहान कण असतात, त्यातली मॅनोज नावाची साखर ही पकड नेमकी धरते. आणि गंमत पुढेच आहे. प्रवाहाने जिवाणूला ओढलं की ही पकड सुटत नाही, उलट आणखी घट्ट होते. मी आयुष्यभर हे शिकवलंय आणि अजूनही दरवेळी मनात म्हणतो, काय बेरकी प्राणी आहे!

पण हे केस त्याच्या अंगावर कायम नसतात. जिवाणूकडे जणू एक बटण असतं. कधी केस येतात, कधी येत नाहीत. ते कशावर अवलंबून आहे, हे सतरा वर्षांपूर्वी मला नीट माहीत नव्हतं. ताईंना माहीत होतं. माझं सगळं भाषण खरं तर या दोन वाक्यांत संपतं, पण मी पंधरा मिनिटं मागून घेतली आहेत.

सतरा वर्षांपूर्वी मी इथे नवा होतो. बाहेरून मोठं शिक्षण घेऊन आलेला, अंगावर कोरा कोट, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा. माझं काम असं होतं: रुग्णांकडून मिळालेले जिवाणू मूत्राशयाच्या पेशींना कसे चिकटतात ते बघायचं, आणि ती पकड कोणत्या साखरेने अडवता येते ते शोधायचं. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर जिवाणू सोडायचे, तासभर थांबायचं, मग तीनदा धुवायचं. चिकटले नाहीत ते वाहून जातात. राहिले ते रंगवून मोजायचे. काम सरळ होतं.

माझे एकही चिकटत नव्हते. पाच महिने मी मोजत होतो आणि वहीत शून्य लिहीत होतो. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी एके सकाळी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद, आणि तुमची जागाही. घरी बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला हे आत्ता कळतंय. घरी गेल्यावर बोलू.

अशा वेळी माणूस काय करतो? स्वतःकडे सोडून सगळीकडे बघतो. मी ताईंकडे बघितलं. बशा त्या धूत असत. मी त्यांच्या खांद्यामागे उभा राहून म्हणायचो, "ताई, जरा हळू. तुम्ही खसाखसा धुता, म्हणून सगळे निघून जातात." त्या म्हणायच्या, "सर, धुण्याने नाही जात. ते आधीच टकले आहेत." मला वाटायचं, बाई थट्टा करतायत. मी चिडायचो.

मी जिवाणू कसे वाढवत होतो तेही सांगतो. पातळ खाद्यात घालून, उबदार कपाटात, रात्रभर हलवणाऱ्या यंत्रावर. यंत्र नळ्या गदागदा हलवत राहतं, सगळ्यांना भरपूर हवा मिळते, आणि सकाळी नळी जिवाणूंनी गच्च भरलेली असते. मी जिथे शिकलो तिथे सगळं असंच वाढवत. धडधाकट जिवाणू, झटपट काम. ताई एकदा म्हणाल्या होत्या, "हलवलेले धरत नाहीत, सर. न हलवता ठेवले तर धरतात. आमच्या जुन्या मास्तरांनी दाखवलं होतं." जुने मास्तर म्हणजे त्यांच्या आधीचे तंत्रज्ञ. त्यांच्याकडे पदवीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "ताई, मास्तरांचा काळ गेला आता." हे वाक्य मी जसंच्या तसं आठवून सांगतोय, कारण ते विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

आणि मग महिनाअखेरीला आठ दिवस उरले असताना मला कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, अगदी मागे, नळ्यांचं एक स्टँड सापडलं. त्यावर कापडाची टोपी होती, शिवलेली. कपाटातल्या पंख्याच्या वाऱ्याने नळ्या हलू नयेत म्हणून ताईंनी ती करून घेतली होती. ताईंचे यजमान शिंपीकाम करतात हे आपल्याला माहीत आहेच, तर हे त्यांचं काम. टोपीवर मशीनच्या टाक्याने अक्षरं घातली होती, 'हलवू नका'. मी टोपी काढली. खाली दोन-तीन नळ्या असाव्यात, इतक्या वर्षांनी नेमकं आठवत नाही. दोन दिवसांपूर्वीची तारीख होती. आणि प्रत्येक नळीत वरच्या बाजूला साय धरली होती. हो, दुधावर धरते तशीच पातळ, पांढुरकी साय.

मला वाटलं, खराब झालंय. बाईंनी नळ्या दोन दिवस विसरून ठेवल्या आणि त्यात काहीबाही वाढलं. माझं डोकंच फिरलं. मी त्या नळ्या उचलल्या, जंतुनाशकाच्या बादलीत टाकल्या आणि खुर्चीवर बसून एक पत्र लिहिलं. त्या पत्राची नक्कल मुख्य लिपिकांनी काल मला दाखवली. भाषा अशी आहे: "सदर कर्मचारी नमुने दोन-दोन दिवस दुर्लक्षित ठेवतात, त्यामुळे ते दूषित होऊन संशोधनाचे नुकसान होते. कामात निष्काळजीपणा. योग्य ती कार्यवाही व्हावी." अक्षर सुंदर आहे माझं.

ताई दुपारी आल्या. रिकामं स्टँड बघितलं, बादलीत बघितलं. मला वाटलं आता भांडण होणार, मी तयारीतच होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तेच तर हवे होते ना तुम्हाला?" मी म्हटलं, "ताई, कृपा करून मला शिकवू नका." दुसऱ्या दिवसापासून त्यांना काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवण्यात आलं. सतरा वर्षं तंत्रज्ञ असलेल्या बाई, आणि त्या बाटल्या घासत होत्या.

त्या जागी मी असतो तर? मी म्हटलं असतं, बुडू दे याला, बरी अद्दल घडेल. ताईंनी चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मला धुण्याच्या खोलीत बोलावलं. हात पुसत म्हणाल्या, "सर, पाच मिनिटं या. मग हवं तर अजून एक पत्र लिहा."

ओट्यावर काचेची पट्टी होती. तिच्यावर त्यांनी दोन थेंब ठेवले. एक माझ्या हलवलेल्या नळीतला, एक त्यांच्या नळीतला. त्यांनी पुन्हा नळ्या लावल्या होत्या, त्याच टोपीखाली, त्याच कप्प्यात, आणि मला पत्ता लागला नव्हता. दोन्ही थेंबांत त्यांनी पावाचं यीस्ट कालवून टाकलं. यीस्टच्या अंगावर तीच साखर असते, म्हणजे केस असले तर जिवाणू यीस्टला धरणार आणि गुठळ्या होणार. त्यांनी पट्टी हातात घेऊन हलकेच डुलवली. माझा थेंब तसाच राहिला, एकसारखा पांढरा. त्यांचा थेंब नासलेल्या दुधासारखा फाटला. कण कण झाला, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मग त्यांनी तिसरा थेंब घेतला, त्यांच्याच नळीतला, पण आधी त्यात मॅनोज साखर घातली. गुठळी झाली नाही. केसांच्या मुठी आधीच साखरेने भरल्या होत्या. मी पाच महिने जे शोधत होतो ते बाटल्या घासायच्या ओट्यावर मला दिसलं, भिजलेल्या ब्रशांच्या शेजारी.

मी विचारलं, "पण साय कसली होती?" त्या म्हणाल्या, "नळी हलवली नाही की हवा फक्त वर असते. केसवाले एकमेकांना धरून वर तरंगतात, त्यांना हवा मिळते, ते वाढतात. टकले खाली गुदमरतात. हलवल्यावर काय, सगळ्यांना हवा घरपोच. मग केस कशाला कोण ठेवतंय?"

अधिष्ठाता महोदय, मी यावर पुढे पंधरा वर्षं व्याख्यानं दिली. याहून सोपं मला कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या नळीतले जिवाणू पेशींवर सोडले. तीनदा धुतलं. मुद्दाम खसाखसा धुतलं. एकेका पेशीवर तीस-तीस चिकटून बसले होते. काम वाचलं, माझी जागा वाचली. पुढे शोधनिबंध आला, त्याच्या शेवटी मी "प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार" असं लिहिलं. नाव नाही. आणखी पुढे मी विभागप्रमुख झालो. ताई धुण्याच्या खोलीतून परत आल्या, म्हणजे मीच त्यांना परत बोलावलं, आणि एवढं केलं की आपली फिट्टंफाट झाली असं मी ठरवून टाकलं.

पण ते पत्र फाइलमध्येच राहिलं. तीन वेळा मुख्य तंत्रज्ञाच्या जागेसाठी ताईंचं नाव पुढे आलं, तीन वेळा समितीने फाइल उघडली, आणि तीन वेळा 'निष्काळजीपणा' वाचून मिटली. त्यांनी शिकवलेली माणसं त्यांच्या वर बसली. आज जे प्रमाणपत्र त्यांना मिळायचंय त्यातही तो शेरा येणार होता. म्हणजे चौतीस वर्षं ज्यांनी सगळ्यांना "थांबा" म्हणून चुका टाळल्या, त्यांनी निष्काळजीपणाचा शिक्का घेऊन घरी जायचं.

त्यांनी मला सांगितलं नाही असं नाही. पत्र मागे घ्यायचा अधिकार फक्त लिहिणाऱ्याला असतो, तेही कर्मचारी सेवेत असेपर्यंत. वर्षातून एकदा त्या विचारायच्या, "सर, तो कागद?" मी म्हणायचो, "बघतो." सतरा वर्षं मी बघत होतो! का? वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण असं की पत्र मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण लिहायचं तर लिहावं लागलं असतं की एवढ्या शिकलेल्या माणसाला जिवाणूची साय ओळखता आली नाही. मला लाज वाटत होती. एवढंच.

मी भावनाप्रधान माणूस नाही. तिसऱ्या रांगेतून मान डोलावली जातेय, ती साक्ष पुरेशी आहे. त्यामुळे रडून दाखवणं माझ्याकडून होणार नाही. पत्र वाचून दाखवतो. अध्यक्ष महोदय, यावर आपलीही सही लागेल, पेन काढून ठेवावं.

"सतरा वर्षांपूर्वी मी सदर कर्मचाऱ्याविरुद्ध लिहिलेले पत्र चुकीचे होते. नमुने दूषित झालेले नव्हते. ते योग्य पद्धतीने, हेतुपूर्वक, न हलवता ठेवलेले होते. मी अज्ञानामुळे त्यांतील दोन-तीन नळ्या फेकून दिल्या. ही पद्धत सदर कर्मचाऱ्याने मला शिकवली आणि माझे त्यानंतरचे सर्व काम तिच्यावर उभे आहे. हे मला महिन्याच्या आत कळले होते, तरी मी पत्र मागे घेतले नाही. निष्काळजीपणा माझा होता. शेरा काढून टाकावा."

घ्या, अध्यक्ष महोदय, इथे खाली. मुख्य लिपिक, आपण पुढे यावं, पावणेपाच होत आलेत.

काय म्हणालात, ताई? जरा मोठ्याने. मागे ऐकू गेलं नाही.

"थांबा" म्हणतायत. हसा, हसा. अध्यक्ष महोदय, पेन खाली ठेवा, आमच्याकडे इलाज नसतो. ताईंना एकदा वाचायचंय. हे पत्र त्यांच्याकडे द्या.

चष्मा लावलाय. माझ्या एकाही अहवालाला त्यांनी पहिल्या वाचनात जाऊ दिलं नाही, आज का देतील?

काय? ... "दोन-तीन नाही, सहा होत्या." ताई, सतरा वर्षं झाली, नक्की सहा? ... "स्टँडच सहाचं आहे." ... आणि आता यजमानही उभे राहिलेत. ते म्हणतायत, टोपीचं माप त्यांनी सहा नळ्यांचं घेतलं होतं, कापड अजून त्यांच्या लक्षात आहे.

सहा. बरोबर आहे. सहाच असणार. मी दोन-तीन लिहिलं, कारण दोन-तीन फेकणं थोडं कमी वाईट वाटतं. बघा, आजही मी हात आखडता घेतला होता. द्या इकडे. 'दोन-तीन' खोडलं. वर 'सहा' लिहिलं. बाजूला माझी सही. ताई, आता बघा. ... चालेल? ... चालेल म्हणाल्या. अध्यक्ष महोदय, आता सही करा.

झाली. मुख्य लिपिक, जुना कागद काढा, हा लावा. इथेच लावा, सगळ्यांसमोर. घाईत दोरा तोडू नका, चौदा मिनिटं आहेत.

आभार मानायचे तर अध्यक्षांचे, ज्यांनी न वाचता सही करायची सवय आज एका दिवसापुरती मोडली. अधिष्ठात्यांचे आणि मेट्रनबाईंचे. मुख्य लिपिकांचे, ज्यांनी फाइल इथपर्यंत आणायचा नियम शोधून काढला. शिंपीदादांचे, त्यांच्या टोपीबद्दल. तुम्हा सगळ्यांचे, चहा निवत असताना बसून राहिल्याबद्दल. माझ्या बोलण्यात कुणाविषयी काही कमी-जास्त गेलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर आपण मोठ्या मनाने ते पोटात घालावं.

त्या सहा नळ्यांचं आणि सतरा वर्षांचं मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ते ताईंकडेच मागायला हवं. ताई, मी तुमच्यावर अन्याय केला. मला माफ करता येईल का?

उत्तर आत्ता देऊ नका. अठ्ठेचाळीस तास घ्या. मी मध्ये येऊन हलवणार नाही.

धन्यवाद.